मदत हवी आहे: मराठी, कन्नड व उर्दूसाठी लिनक्सवर एकसारखे मूळ फाँट कसे ठरवावेत?

वाचनालयातील सामाईक संगणकांवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) असून मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी मजकूर वाचला जातो. एकच मराठी उतारा ब्राउझरमध्ये नोटो सान्स देवनागरीत, तर मजकूर-संपादकात लोहित या दुसऱ्या फाँटमध्ये दिसतो. त्याहून खटकणारी बाब म्हणजे, पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण नसेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. मराठी वाचकांना आपल्या वळणाची अक्षरे मिळायलाच हवीत. उर्दू मजकूरही नस्तालीकऐवजी (उर्दूचे नेहमीचे तिरके, उतरते वळण) नस्ख वळणात (अरबीसारखे सरळ) येतो.

कोणत्या मजकुराला कोणता फाँट द्यायचा हे ठरवणाऱ्या फाँटकॉन्फिग या प्रणालीच्या ‘लोकल.कॉन्फ’ फाइलमध्ये सान्स-सेरिफसाठी नोटो कुटुंबांचा पसंतीक्रम लिहिला, फाँटचा साठा (कॅश) नव्याने बांधला आणि संगणक पुन्हा सुरू केला. मराठी भाषा देऊन ‘एफसी-मॅच’ (कोणता फाँट निवडला जाईल हे दाखवणारी आज्ञा) चालवल्यास उत्तर अचूक येते, मात्र भाषा न देता चालवल्यास क्रम बदलतो. इंटरफेस इंग्रजीत असल्यामुळे भाषा इंग्रजी धरली जाते आणि पसंतीक्रमाचे बंधन ‘वीक’ (कमकुवत) असल्याने भाषेची अट त्यावर मात करते, असा माझा अंदाज आहे.

इंटरफेस इंग्रजीच ठेवायचा आहे, लोहित काढता येणार नाही आणि नियम सर्व वापरकर्त्यांना लागू व्हायला हवा.

अशा स्थितीत बंधन ‘स्ट्राँग’ (पक्के) केल्यास लॅटिन अक्षरांचा फाँट बिघडेल का, आणि भाषेची खूण नसलेल्या मजकुरात मराठी वळण व नस्तालीक मिळवण्यासाठी फाँटकॉन्फिगमध्ये नेमका कोणता नियम लिहावा?