मदत हवी आहे: लायडारमधून (विमानातून लेसरने केलेल्या मोजणीतून) झाडी काढताना किल्ल्याचा मातीचा तटही कापला जातोय

रानवाट:
जागा इंग्लंडमधली, फॉरेस्ट ऑफ डीनच्या जंगलातला वेल्शबरी हा लोहयुगीन टेकडीकिल्ला. तिथला खुला पॉइंट क्लाउड (लेसरने मोजलेल्या बिंदूंचा संच) पीडॅल या प्रोग्रॅमच्या एसएमआरएफ फिल्टरमधून, म्हणजे जमिनीचे बिंदू वेगळे काढणाऱ्या गाळणीतून, मूळ सेटिंगवर काढला: सेल (चौकट) १ मी., स्लोप (जमिनीचा म्हणून चालणारा उतार) ०.१५, विंडो (किती मोठी वस्तू काढायची ते) १८ मी., थ्रेशोल्ड (जमिनीपासून चालणारे अंतर) ०.५ मी. तटाचा माथा जागोजाग गायब झालाय. सूचिपर्णी झाडांखाली मोठाले त्रिकोण दिसतात. किल्ल्याआधीच्या शेतांचे बुटके बांध २००५ साली छापून आलेल्या सर्वेक्षणात आहेत, पण माझ्या हिलशेडमध्ये (एका बाजूने प्रकाश टाकून काढलेल्या जमिनीच्या चित्रात) नाहीत. काय बदलू?

दगडफूल:
तट कापतेय ती स्लोप आणि विंडोची जोडी. ०.१५ म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. तटाची बाजू ३० अंशांची असली तर स्लोप ०.५८ होतो, आणि तट विंडोच्या मानाने अरुंद, म्हणून फिल्टरच्या लेखी ती इमारतच. जंगलात इमारती कुठून येणार? विंडो ६ मी., स्लोप ०.५ करा. विंडो याहून फार खाली नको, जमिनीचा बिंदूच नसलेल्या सर्वांत रुंद पट्ट्यापेक्षा ती मोठी हवी. नाहीतर दाट झुडपाचा माथा जमीन म्हणून राहतो. थ्रेशोल्ड ०.२५ ठेवा, ०.५ला गुडघाभर नेचेही जमिनीत धरले जातात.

आधी ईएलएम फिल्टरने जमिनीखाली गेलेले खोटे बिंदू वर्ग ७ मध्ये, म्हणजे चुकीच्या बिंदूंत, टाका. एसएमआरएफ प्रत्येक चौकटीतला सर्वांत खालचा बिंदू धरतो, त्यामुळे असा एकच बिंदू भोवतालची खरी जमीन खातो.

टेकाड:
त्रिकोणांना सेटिंगचा इलाज नाही, लेसर खाली पोचलेलाच नाही, म्हणून दूरदूरचे बिंदू जोडले गेलेत. वर्ग २चे, म्हणजे जमिनीचे, बिंदू १ मी. चौकटीत मोजून रास्टर (चौकटींचा नकाशा) करा. सलग ४-५ मी. रिकामे असेल तिथल्या आकारांवर विसंबू नका. लायडारची ही उड्डाणे हिवाळ्यात होतात, पण त्याचा फायदा पानगळीच्या झाडांखालीच. बेलीझच्या जंगलातल्या काराकोल या प्राचीन माया शहरावर २००९ मध्ये चौरस मीटरला सुमारे २० बिंदू टाकले, जमिनीपर्यंत सरासरी दीडही पोचला नाही.

बांधांचे म्हणाल तर हिलशेडचा प्रकाश ३१५ अंशांवरून येतो, वायव्य-आग्नेय धावणारा बांध त्यात सावलीच टाकत नाही. रिलीफ व्हिज्युअलायझेशन टूलबॉक्स हा प्रोग्रॅम मोफत आहे. त्यात लोकल रिलीफ मॉडेल (मोठा उतार वजा करून बारीक उंचवटे दाखवणारे) २० मी. त्रिज्येने काढा, रंगपट्टी उणे ०.५ ते अधिक ०.५ मी. तटासाठी स्काय-व्ह्यू फॅक्टर (त्या जागेवरून किती आकाश दिसते ते), १६ दिशा, १० मी. त्रिज्या. फाइल ब्रिटिश नॅशनल ग्रिड या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीतच असू द्या. अक्षांश-रेखांशांत नेली की आडवे माप अंशांत, उभे मीटरमध्ये, आणि सगळे उतार खोटे.

रानवाट:
तट अखंड आला, बांधही दिसले. धन्यवाद! उतारावर ८-९ मी. व्यासाच्या गोल सपाट जागाही दिसताहेत. घरांची जोती?

टेकाड:
घाई नको. त्या जंगलात कोळसाभट्ट्यांचे ओटे पुष्कळ आहेत: वरच्या अंगाला कापलेले, खालच्या अंगाला भर. लायडारमध्ये जोती आणि ओटे सारखेच दिसतात. जागेवर काळी माती आणि कोळशाचे तुकडे शोधा. स्मारक संरक्षित आहे, तेव्हा खणायचे नाही. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांना चिकटलेली किंवा सशांनी उकरलेली माती बघा.