नव्या गावात गाणं आणि सिनेमा कसा सापडला? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. बदली, नोकरी, शिक्षण, लग्न... कारण काहीही असो, आपल्यातले बरेच जण परक्या शहरात जाऊन राहिलेत. घर, गॅस, दूधवाला हे लागतं मार्गी. संध्याकाळ मात्र खायला उठते. तिथलं गाणं, तिथली थेटरं तुम्हाला कशी सापडली, पहिल्यांदा कोणी नेलं, ते लिहा. यादी नको, घडलेलं लिहा. सुरुवात मी करते.

२०१७ साली बँकेच्या बदलीने सांगलीहून चेन्नईला गेले. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. दिवसभर शाखेत इंग्रजी बोलून घरी आलं की चार शब्द बोलायला माणूस नसायचं. डिसेंबर लागला आणि शेजारच्या मामींनी विचारलं, कचेरीला येतेस का? कचेरी म्हणजे तिकडची मैफल. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, मैलापूर-टी. नगरकडच्या सभांमध्ये (संगीतसंस्थांना आणि त्यांच्या सभागृहांना तिकडे सभा म्हणतात) सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाला जोडून संगीत परिषद भरली, तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि हा हंगाम तिथून वाढत गेला. रात्रीच्या मोठ्या गायकांच्या कचेरीला तिकीट लागतं, पण दुपारी तरुण मुलंमुली गातात आणि त्यातल्या बऱ्याच कचेऱ्या फुकट असतात.

अशाच एका दुपारी मामींनी माझा हात धरून माझ्याच मांडीवर ठेवला. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. टाळी, हात उलटा. पुन्हा टाळी, हात उलटा. आठ मात्रा, आदि ताल. मान वर करून बघितलं तर पुढच्या सगळ्या रांगांमध्ये हात असेच चालले होते. आपला श्रोता समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलवतो, तिकडचा अख्खा ताल हातावर धरून बसतो. मृदंगमचं तनि आवर्तनम, म्हणजे नुसत्या तालवाद्याचं वादन, सुरू झालं की बरेच जण उठून कॅन्टीनकडे जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं. (कॅन्टीनचं जेवण उत्तम असतं, तरीही.) शेवटी गायिकेने अभंग घेतला. मामी वळून म्हणाल्या, "उंग ऊरु पाट्टु", तुमच्या गावचं गाणं. माझे डोळे वाहायला लागले होते.

परभणीकर

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी २०१२ ला एमपीएससी करायला पुण्याला सदाशिव पेठेत आलो. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे, दोन वेळची मेस, उरलेला दिवस अभ्यासिका. घरमालक रात्री नऊनंतर दिवा बंद करायला लावायचे, म्हणून जेवण झालं की मी रस्त्यावरच असायचो. डिसेंबरात तसाच हिंडताना रमणबाग शाळेच्या भिंतीबाहेर लोक गुपचूप उभे दिसले. आत सवाई गंधर्व महोत्सव चालू होता. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव, एवढं सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात पाठ होतं. ख्याल मात्र आयुष्यात कधी नीट ऐकला नव्हता. दोन दिवस भिंतीबाहेर उभ्याने ऐकला. तिसऱ्या दिवशी लवकर निघालेल्या एका कुटुंबाने न मागता त्यांचा पास हातात ठेवला.

आत भारतीय बैठक. चपला पिशवीत घालून कडेला उभा होतो, तर एका काकूंनी सतरंजीचं टोक उलगडलं आणि म्हणाल्या, बस की रे. डब्यातली अर्धी गूळपोळी दिली. पंडितजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती, पण त्या सतरंजीवर प्रत्येकाकडे त्यांची एक तरी आठवण होती. त्यातल्याच एका काकांनी पुढे मला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हला नेलं. १९६४ मध्ये स्थापन झालेलं. पी. के. नायर यांनी आयुष्य घालून जुन्या सिनेमांचे डबे जमवले ते इथे. परीक्षा काही निघाली नाही, नोकरी खासगीत करतो. सवाई आता मुकुंदनगरला गेला, तरी आमची सतरंजी तीच आहे. काकू गेल्या वर्षापासून गुडघ्यांमुळे खुर्चीत बसतात, आम्ही त्यांच्या पायाशी.

वऱ्हाडी

नागपूरहून कोलकात्याला, नवऱ्याच्या नोकरीमुळे. डोव्हर लेन संगीत परिषदेबद्दल लिहिलंच पाहिजे. जानेवारीच्या शेवटी, नझरूल मंचावर, रात्रभर. १९५२ पासूनची परिषद आहे. शाली गुंडाळून अख्खी कुटुंबं येतात, मध्यंतरात मातीच्या भांड्यात चहा आणि रागावरून कडाडून वाद. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे! सकाळी बाहेर आलो तेव्हा रवींद्र सरोवरावर धुकं होतं आणि नवरा म्हणाला, राहू या इथेच.

सातासमुद्रा

मी व्हिएन्नात शिकायला होतो. पहिले तीन महिने खोली, ग्रंथालय, खोली. वर्गातल्या एकाने ऑपेराच्या उभ्याच्या तिकिटाबद्दल सांगितलं. प्रेक्षागाराच्या मागे, थेट मंचासमोर, कठडे लावलेले असतात. तेव्हा जागा मिळाली की कठड्याला मफलर बांधायचा आणि खुशाल फिरून यायचं, तिला कोणी हात लावत नसे. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर शब्दांचं भाषांतर येतं. दुसऱ्या अंकापर्यंत पाय भरून आले होते, पण सोडून जाववेना.

ऑपेराच्या मागेच अल्बर्टिना हे कलासंग्रहालय, आणि तिच्यात फिल्म म्युझियम. सभागृह आतून पूर्ण काळं, पडद्याशिवाय डोळ्यांना काही दिसू नये म्हणून.

परभणीकर

त्या म्युझियमच्या स्थापनेचं साल सांगा ना.

सातासमुद्रा

१९६४. तुमच्या अर्काइव्हचंच! मी पुण्यात चार वर्षं राहून लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज गेलो, आत एकदाही पाऊल टाकलं नाही. या डिसेंबरात येतोय. न्याल का?

परभणीकर

या. सतरंजीवर जागा आहे.

चैत्रगौर

कोल्हापूरहून बेंगळुरूला, पदरी दोन वर्षांचं बाळ. बंद सभागृहात नेणार कसं? चामराजपेटच्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीला मोठा मांडव घालून गाणं असतं, १९३९ पासून. मूल रडलं की मांडवाच्या कडेला घेऊन फिरायचं, गाणं तिथेही ऐकू येतं. रामनवमीला तिकडे हातावर भिजवलेल्या मुगाची कोसंबरी आणि गुळाचं पानक देतात. सुंठ, वेलची, मिरीचा वास. मला आईच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची डाळ आणि पन्हं आठवलं. लेक आता आठ वर्षांची आहे, मृदंगम शिकते.

नवी सभासद

मी पुढच्या महिन्यात चेन्नईला रुजू होतेय. कोणीच ओळखीचं नाही.

धागाकर्ती

मला निरोप कर. मामी तिथेच राहतात, त्यांना फोन करून ठेवते. येताना शाल आण, सभांमध्ये एसी फार गार असतो. आणि तनि आवर्तनमला उठू नकोस.