रात्री कॉन्व्हॉयवर हल्ला: पाणबुडी वर ठेवायची की खाली?

दर्यावर्दी:
सायलेंट हंटर ३ (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा कॉम्प्युटर गेम) परत लावलाय, करिअर १९४० पासून, पाणबुडी टाइप सेव्हन सी. मित्राशी दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथं टाकतो. तो भर रात्रीसुद्धा पेरिस्कोपच्या खोलीवर दबा धरून बसतो. मला हे अजिबात पटत नाही. वर राहिलं तर साडेसतरा नॉट मिळतात, खाली बॅटरीवर फुल मारलं तरी साडेसात, ते पण तासाभरात बॅटरी संपते. स्लो कॉन्व्हॉय (मालवाहू जहाजांचा ताफा) सात-आठ नॉटने चाललेला असतो, म्हणजे एकदा तो पुढं गेला की खालून तुम्ही त्याला गाठूच शकत नाही. आणि ॲसडिक (ध्वनिलहरींचं यंत्र) आहे पाण्याखालचं शोधायला, वर तरंगणारी बोट त्याला धड सापडत नाही. ऑक्टोबर १९४० मधला एससी ७ कॉन्व्हॉय बघा, ३५ जहाजांपैकी २० गेली, मुख्य कत्तल रात्री, वरूनच.

खोलपाणी:
एससी ७ चं उदाहरण नेहमी देतात आणि अर्धंच सांगतात. तो ताफा निघाला तेव्हा सोबतीला अटलांटिकभर एकटी स्कारबरो ही युद्धनौका, बाकीचे एस्कॉर्ट (संरक्षक जहाजं) नंतर येऊन मिळाले, त्यांनी एकत्र सराव केलेला नाही, रडार नाही. अशा ताफ्यावर कुठलीही पद्धत चालली असती. पाच महिन्यांनी एचएक्स ११२ कॉन्व्हॉयच्या वेळी काय झालं तेही लिहा ना. १७ मार्च १९४१ ची पहाट, जर्मन कप्तान शेपकेची पाणबुडी यू-१०० पाण्यावर होती, व्हॅनॉक विनाशिकेच्या रडारवर सापडली, थेट धडक देऊन बुडवली. शेपके तिथंच गेला.

दर्यावर्दी:
लिहितो की. त्याच रात्री दुसरा कप्तान क्रेचमर यू-९९ घेऊन वरूनच कॉन्व्हॉयच्या रांगांमध्ये शिरला आणि पाच जहाजं बुडवून बाहेर पडला, कुणाला पत्ता नाही. घात कुठं झाला? परतताना वॉचवरच्या ऑफिसरला विनाशिका दिसली आणि त्याने डुबी घेतली. खाली गेल्यावर वॉकर विनाशिकेच्या ॲसडिकवर सापडले, डेप्थ चार्ज बसले, वर यावं लागलं, क्रेचमर कैद. वर राहून अंधारात पळाले असते तर सुटले असते असं माझं ठाम मत आहे.

खोलपाणी:
व्हॅनॉक तिथंच होती, रडार चालू होतं. कसे सुटले असते?

कोकणकडा:
मला दोघांचंही थोडं पटतंय पण गेममध्ये लोक मरतात ते वर राहिल्यामुळे नाही, चुकीच्या बाजूने आल्यामुळे. चंद्र कॉन्व्हॉयच्या पाठीमागे हवा, म्हणजे त्यांच्या आकृत्या उठून दिसतात आणि तुम्ही काळोखात. एस्कॉर्टकडे कायम नाक करून राहा, आडवं झालात की पूर्ण लांबी दिसते. जवळ आल्यावर वेग उतरवा, पाठीमागचा पांढरा फेस लांबून दिसतो. आणि स्टीम टॉर्पेडो रात्रीच वापरा, दिवसा त्याची बुडबुड्यांची रेघ दिसते, अंधारात ती अडचण उरत नाही आणि ४४ नॉटचा वेग फुकट मिळतो. चार सोडले की मागची एक ट्यूब विसरू नका, वळून पळताना तीच कामाला येते.
एक सांगावंसं वाटतं. त्या ब्रिटिश मालवाहू जहाजांवर भारतीय खलाशी हजारोंनी होते, आमच्या रत्नागिरीकडचेही. इंजिनरूममध्ये खाली असायचे, त्यांना बाहेर यायला वेळच मिळायचा नाही. खेळताना मला हे आठवतं, तुम्हीही आठवा.

दर्यावर्दी:
हे मी कधी मनात आणलं नव्हतं. माझे आजोबापण जहाजावर होते, युद्धानंतर. बरं झालं सांगितलंत.
टॉर्पेडोचं शंभर टक्के मान्य. पण बाहेर तीन किलोमीटरवरून टॉर्पेडोंचा पंखा (एकदम अनेक, पसरून) सोडणं मला नाही आवडत, रांगेत शिरून एकेक नेम धरायचा. आत एस्कॉर्टला गोळी झाडायला पण अडचण, मध्ये स्वतःचीच जहाजं.

खोलपाणी:
तुझ्या मित्राचं करिअर कुठल्या साली आहे ते तू सांगितलंच नाहीस. १९४३ असेल तर तो बरोबर आहे. तोपर्यंत १० सेंटिमीटरचं रडार आलेलं, आपल्या मेटॉक्सला (रडारची चाहूल देणारं यंत्र) ते ऐकूच येत नाही, तू रेडिओवर दोन शब्द पाठवलेस की हफ-डफवाले (रेडिओ-दिशाशोधक यंत्रवाले) दिशा काढतात, वर विमानं. तेव्हा वर राहणं म्हणजे मरायला जाणं.

दर्यावर्दी:
विचारलं आत्ता फोन करून. फेब्रुवारी १९४३ निघालं. त्याच्यापुरतं मागे घेतो, १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत मात्र मी वरूनच जाणार.

खोलपाणी:
गेममधला एप्रिल १९४१ उलटला की मला सेव्ह फाइल पाठव, एस्कॉर्ट किती जवळ येतात ते मोजू.