तलवार-जादूचे सिनेमे: संगणकाने वजन घालवलं का?

खड्गधारी (धागाकर्ता)
तलवारी, चेटूक आणि अजस्र श्वापदांचे सिनेमे हल्ली पोकळ वाटतात, कारण त्यांत कशालाच वजन नसतं. १९८२चा ‘कोनन द बार्बेरियन’ घ्या. जॉन मिलियसने तो स्पेनमध्ये चित्रित केला. मनोऱ्यातला साप निक ऑल्डरच्या चमूने बनवलेला, ३६ फुटी, हायड्रॉलिक्सवर (द्रवाच्या दाबावर) चालणारा. कोनन झालेला श्वार्झनेगर त्याच्याशी झटापट करतो तेव्हा समोर खरोखर काहीतरी असतं. कियोशी यामाझाकी या जपानी गुरूंनी प्रमुख नटांकडून चित्रीकरणाआधी कित्येक महिने तलवार घोटून घेतली. तलवार जड आहे हे श्वार्झनेगरच्या खांद्यांत दिसतं! उलट २०११ची नवी आवृत्ती: सुमारे ९ कोटी डॉलर ओतले, जगभरात मिळून तेवढी तिकिटंही विकली गेली नाहीत. वाळूतून योद्धे उठले, लढले, विरले. काही आठवतं का?

बुद्धिवादी वेताळ
उदाहरणच तुमच्यावर उलटतंय. २०११चा कोनन बल्गेरियात चित्रित झाला, सेटही भरपूर बांधले होते. पडला तो पटकथेमुळे.

आणि ऐंशीच्या दशकातली नकलांची लाट विसरलात? पहिल्या कोननने पैसा केल्याबरोबर इटलीत आणि स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या रॉजर कॉर्मनच्या कृपेने अर्जेंटिनात असे सिनेमे धडाधड निघाले. त्यांत संगणक औषधालाही नव्हता. घोडे खरे, धूळ खरी, सिनेमे भयाण. त्यातले चांगले दोन-चार तेवढे लक्षात ठेवायचे आणि ‘तेव्हा काय काम व्हायचं’ म्हणायला मोकळे.

मिलियसचा सिनेमा तरला तो कागदावर. ऑलिव्हर स्टोनच्या आधीच्या पटकथेत भविष्यातली उद्ध्वस्त पृथ्वी आणि उत्परिवर्तित प्राण्यांची फौज होती. मिलियसने ते उडवलं आणि आईबाप डोळ्यांदेखत मारले गेलेल्या पोराच्या सूडाची गोष्ट ठेवली. ती फौज उभी करायची ठरली असती तर तुमचा ३६ फुटी साप काय कामाचा होता?

तुतारी
दोघेही कानांत बोळे घालून बसलात. या सिनेमात बराच वेळ कोणी धड बोलतच नाही, आणि तिथे सगळा भार बेसिल पोलेडोरिसच्या संगीतावर आहे. सुरुवातीलाच २४ फ्रेंच हॉर्न (पितळी तुताऱ्याच म्हणा) एकदम! वृंदगान रोमचं. ते काढून टाका आणि चक्राला जुंपलेला पोरगा मोठा होतो ते दृश्य बघा. एक माणूस गोल गोल फिरतोय, बस. एवढं करून चित्रपटगृहांत तो मोनो ध्वनीतच लावला गेला, स्टिरिओ नाही. निर्मात्याची काटकसर, दुसरं काय!

खड्गधारी
तुतारी, संगीताबद्दल वादच नाही.
वेताळ, नकला पडल्या कारण त्यांत मेहनत नव्हती. हाताने केलेलं सगळंच चांगलं, असं मी कुठे म्हटलं? याच सिनेमातलं एमिलिओ रुइझ डेल रिओचं काम बघा. कॅमेऱ्यासमोर छोट्या प्रतिकृती अशा ठेवायचा की मागच्या खऱ्या मैदानाशी त्यांची रेघ जुळावी. ऊन दोन्हींवर एकच पडतं. संगणकात तेच ऊन हिशोबाने आणावं लागतं, आणि घाईत पहिला बळी त्याचाच जातो.

अश्वमेध
(आयडी बघून हसू नका.) ‘खरं’ या शब्दाची किंमत कोणी मोजली तेही लिहा की. अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणिहितासाठी काम करणाऱ्या संस्थेने या सिनेमावर जाहीर टीका केली होती: घोडे अडखळवून पाडले, उंटाला मारलं, कुत्र्याला लाथ घातली. ब्रिटनमध्ये घोडे पाडण्याची दृश्यं सेन्सॉरने कापली, तिथे १९३७पासून त्याविरुद्ध कायदा आहे. स्वतः श्वार्झनेगरला कुत्रे मागे लागलेल्या दृश्यात पडून टाके घालावे लागले. माणसाने निदान करार करून मार खाल्ला. घोड्याला कोणी विचारलं होतं? पडणारा घोडा संगणकात बनत असेल तर माझ्याकडून त्याला शंभर खून माफ, कितीही खोटा दिसो.

खड्गधारी
घोडे जरूर संगणकात पाडा. पण यांत्रिक सापाला काही दुखत नव्हतं. मी जनावरांबद्दल बोलत नाही, नटाच्या समोर काय उभं आहे त्याबद्दल बोलतोय.

बुद्धिवादी वेताळ
मग तलवारीबद्दलच बोलू. जोडी सॅमसनने घडवलेल्या कार्बन स्टीलच्या तलवारी सुरेखच आहेत. पण मारामारीसाठी ॲल्युमिनियमच्या आणि फायबरग्लासच्या हलक्या प्रतीही काढल्या होत्या. म्हणजे तुम्हाला खांद्यांत दिसलेलं वजन बऱ्याच ठिकाणी नटाने अभिनयातून आणलेलं असणार. कोननच्या देहावर झेपावणारी भुतंही नंतर ॲनिमेशनने घातलेली. सेटवर त्यांच्या जागी हवा होती. तो प्रसंग तुम्हाला पोकळ वाटतो का? मला तर अख्ख्या सिनेमात तोच सगळ्यात भीतीदायक वाटतो.

तुतारी
आणि तिथे वाजतंय काय तेही ऐका.

खड्गधारी
भुतांचा प्रसंग चालतो, कारण खांबांना दोर बांधून कोननला धरून ठेवलंय, वारा सुटलाय, आणि त्याची जोडीदार व्हॅलेरिया त्या भुतांवर जीव खाऊन तलवार चालवतेय. ती झालेली सँडाल बर्गमन मुळात नर्तकी, वर यामाझाकींची तालीम. अशी नटी द्या, मागचं सगळं संगणकात भरायचा हिरवा पडदाही चालेल मला. पण तालमीला तेवढे महिने द्यायला आज कोणता निर्माता तयार आहे? ‘मागाहून करू’ म्हणायची सोय झाली की पहिली काट तिथेच बसते.