तान्ह्या बाळाचं छोटं ऑपरेशन: तुमचे अनुभव लिहा

माझ्या लेकाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो अडीच महिन्यांचा होता. आंघोळ घालताना मालीशवाल्या मावशींनी हाक मारली, "ताई, हे बघा बरं." उजव्या जांघेत बोराएवढा फुगवटा. रडला की टम्म, निजला की गायब. सासूबाई म्हणाल्या, "रडून आलंय, जाईल." त्यांच्या डोक्यात बेंबीचा फुगवटा होता. तो बहुतेकदा चार-पाच वर्षांत आपोआप जातो, पूर्वी त्यावर नाणं बांधायचे. जांघेतला हर्निया मात्र आपणहून जात नाही. मुलाचं अंड पोटातून खाली उतरतं ती वाट जन्मानंतरही उघडी राहते आणि तिच्यातून आतडं सरकतं. गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ ओकायला लागलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

मला कापण्यापेक्षा भुलेची भीती जास्त. मेंदूवर परिणाम होईल का, हे मी भूलतज्ज्ञ बाईंना तीनदा विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं: तान्हेपणी एकदाच, तासाभराच्या आतली भूल मिळालेल्या मुलांची पाच वर्षांची झाल्यावर तपासणी झाली, २०१९ साली निष्कर्ष आले, फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेचा २०१६ चा इशारा तीन तासांहून लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलेबद्दल आहे. पोरगा चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेला, म्हणून श्वासावर लक्ष ठेवायला रात्रभर ठेवून घेणार होते.

सगळ्यात कठीण गेला तो उपास. अंगावरचं दूध चार तास आधी बंद, वरचं असेल तर सहा. साडेआठची वेळ म्हणून चारला उठवून पाजलं. पण मध्येच एक तातडीची केस आली आणि साडेदहा वाजले. माझ्या कुशीत आला की तोंड फिरवून शोधायचा, म्हणून यांनी त्याला घेतलं आणि मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तो रडायचा आणि इकडे माझा कुर्ता भिजायचा. उशीर होतोय म्हटल्यावर "पाणी देऊ का?" एवढं विचारायला हवं होतं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं आणि इतक्या लहानग्याला किती, कसं द्यायचं ते डॉक्टर सांगतात. मला सुचलंच नाही, याचं अजून वाईट वाटतं.

ऑपरेशन पस्तीस मिनिटांचं. तुमचं कसं झालं? जरूर लिहा.

एक बाबा, सोलापूर जिल्हा
आमच्या मुलाचं एक अंड खाली उतरलेलं नव्हतं. आधी एकाने सांगितलं होतं, "पाच वर्षांचा झाला की बघू." अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, त्यातल्या डॉक्टर मॅडमनी तपासून लगेच चिठ्ठी दिली. सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात, त्यानंतर वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. आमचं अकराव्या महिन्यात, सरकारी दवाखान्यात, मोफत झालं. दुसऱ्या दिवशी रांगायला लागला. त्याला धरून ठेवायलाच दोन माणसं लागत होती.

एक आई, लंडन
आमचं अगदीच छोटं. जिभेखालचा पडदा आखूड, बारा दिवसांच्या लेकीला धड ओढता यायचं नाही आणि मला प्रत्येक वेळी रक्त यायचं. दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कात्रीने टचकन कापलं, रक्ताचे दोन थेंब. लगेच पाजायला दिली. भूल नाही, टाका नाही. आई व्हिडिओ कॉलवर होती, ती माझ्यापेक्षा जास्त रडली.

एक आजी, रत्नागिरी
नातीचा डावा डोळा सतत पाणवायचा, सकाळी चिपडांनी चिकटलेला. मी काजळ घालत होते, ते डॉक्टरांनी पहिलं बंद केलं. नाकाच्या कडेला बोटाने वरून खाली दाबत मालीश शिकवली. बहुतेक मुलांची अश्रूंची नळी वर्षभरात त्यानेच मोकळी होते. हिची झाली नाही. चौदाव्या महिन्यात भूल देऊन बारीक सळई घालून ती उघडली. टाका नाही, पट्टी नाही. संध्याकाळी मऊभात खाल्लान.

एक आई, नाशिक
आमचं या गुरुवारी आहे. हर्नियाच, मुलगी चार महिन्यांची. आत नेताना कुणाकडे द्यायची, तेच सुचत नाहीये.

धागाकर्ती
ताई, मला भूलतज्ज्ञ बाईंनी दारापर्यंत येऊ दिलं आणि त्यांनीच हातातून घेतलं. आधी विचारून ठेवा, काही ठिकाणी झोप लागेपर्यंत आईला आत थांबू देतात. पुढून उघडणारी दोन झबली न्या, कमरेला घट्ट काही नको. वाळे, काळा दोरा घरीच काढा. आमचे दारात काढावे लागले, सिस्टरनी ते गॉजच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या मुठीत दिले. बाहेर आणलं तेव्हा घसा बसलेला, पण ओरडत होता. पाजायला घेतला तरी माझी ती मूठ मिटलेलीच होती, यांनी एकेक बोट उघडून वाळे काढून घेतले. गुरुवारी झालं की लगेच कळवा.