जुन्या गोठ्याचे साधनाघर करायचे आहे, पण भिंतींना लोणा आहे

भोरकर_शिवार
भोर तालुक्यात दगड-मातीचा जुना गोठा आहे. आतून 42 बाय 16 फूट, भिंती दोन फुटी, वर मंगलोरी कौले, वासे सागाचे. भजनी मंडळ (रोज हरिपाठ, कार्तिकात काकडा) आणि विपश्यनेचे जुने (शिबिर केलेले) साधक (रविवारी तासभर सामूहिक साधना) या दोघांसाठी जागा करायची आहे. गव्हाणी काढल्या. भिंतींवर कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) आहे, वासही जात नाही. गवंडी सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स सुचवतो. करावे का?

चुनाघाणी
सिमेंट अजिबात नको. वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेल्या गोमूत्राचे नायट्रेट क्षार होतात आणि ओलीबरोबर भिंतीत चढतात. हे क्षार हवेतली वाफ ओढतात, म्हणून पावसाळ्यात वास परत येतो. वर सिमेंट मारले की ओल आतच कोंडते, आणखी वर चढते आणि गिलावा फुगून पडतो.

आधी जमीन. फूटभर माती काढा (शेतात टाका, उत्तम खत आहे). पण भिंतीलगत आधी एका जागी उकरून पाया किती खोल आहे ते पाहा. पाया उथळ असेल तर भिंतीपासून दीड फूट सोडून उतार ठेवत खणा, नाहीतर भिंत खचेल. मग 40 मिमीची धुतलेली खडी सहा इंच, चुरी न मिसळता. खडीतल्या पोकळीमुळे ओल वर चढत नाही. खाली प्लास्टिक अंथरू नका, अडलेली ओल भिंतींकडे वळते. खडीवर चार इंच चुन्याचा कोबा (ठोकून घट्ट केलेला थर), त्यावर शहाबादी फरशी, सांधेही चुन्याचेच.

भिंतींचा लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात. मग शाडू, बारीक वाळू आणि कागदाचा लगदा साध्या पाण्यात कालवून अर्धा-पाऊण इंच लेप द्या. तो पूर्ण वाळून तडकला की काढून लांब फेका. लेप वाळताना क्षार ओढून घेतो. असे दोन-तीनदा करा. नंतर किमान पंधरा दिवस पाण्यात मुरवलेला चुना 1 आणि वाळू 3, एकेक थर 10-12 मिमी, आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली. वर चुन्याची सफेदी. डिस्टेंपर, ऑइलपेंट नको.

वाशांची भिंतीत गेलेली टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. कुजतात ती तिथेच.

सातबारा_बघा
शेतघर म्हणून चालणारी इमारत सार्वजनिक वापराला द्यायची तर बिनशेतीचा (शेतजमीन शेतीशिवाय वापरण्याचा) प्रश्न येऊ शकतो (जमीन महसूल संहिता 1966). आधी झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा) काढा. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. ट्रस्टच्या नावे शेतजमीन करायला कुळकायद्याचे कलम 63 (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यावरची बंदी) आडवे येते. शिवाय एकदा ट्रस्टची झालेली जागा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे घरच्यांना आताच सांगा.

माळकरी
विठ्ठल-रखुमाईसाठी भिंतीतच कोनाडा करा आणि त्याला दोन झडपा लावा, म्हणजे रविवारी विपश्यनेच्या वेळी बंद ठेवता येईल. जिन्नस ठेवायची खोली वेगळी हवी. टाळ-मृदंग आणि साधकांच्या गाद्या एकत्र ठेवल्या की कुरबुरी सुरू होतात. पीओपीचे छत नको. कौलांच्या फटींतून आवाज निघून जातो म्हणून मृदंग घुमत नाही. खाली जाजम पुरेल. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे, तेव्हा पहाटेचा काकडा विनामाइक.

भोरकर_शिवार
मंडळी, फार मोलाची माहिती. खणायला आता नोव्हेंबरात सुरुवात केली तर गिलावा एप्रिलमध्ये चालेल?

चुनाघाणी
एप्रिलच्या उन्हात चुना घट्ट व्हायच्या आत वाळतो आणि भुगा होऊन झडतो. डिसेंबरअखेर लेप उरका, गिलावा जानेवारी-फेब्रुवारीत.