प्रभाव पडतो म्हणून वाचायचंच नाही?

कागदी वाघ: काल 'अस्सल' यांनी लिहिलं, 'पहिली कादंबरी हातावेगळी होईपर्यंत मी कुणाचंही ललित वाचत नाही. प्रभाव पडतो. मला माझा आवाज शुद्ध ठेवायचाय.' रात्र गेली तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

अहो, न वाचता लिहिणाऱ्यावरही प्रभाव असतोच. फक्त तो मालिकांचा आणि व्हॉट्सॲपचा असतो. कोलंबियन कादंबरीकार मार्केझने विद्यार्थिदशेत काफ्काचं 'मेटामॉर्फसिस' वाचलं आणि असंही लिहिता येतं हे त्याला तेव्हा कळलं, असं त्यानेच सांगितलंय. त्याच्या सुरुवातीच्या कथांवर काफ्का दिसतो. पुढे लिहिता लिहिता तो प्रभाव गेला. न वाचता काय घालवणार?

अस्सल: मार्केझ काढला की वाद संपला, नाही का? माझं ऐका. कॉलेजात नेमाडेंची 'कोसला' कादंबरी वाचली आणि पुढे वर्षभर दर परिच्छेदात तिच्या नायकाचे, सांगवीकरचे, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. कथा पाठवली, तर संपादकांनी समासात लाल पेनने 'हा सांगवीकरच ना?' एवढंच लिहून परत केली. बाकी एक खूण नाही. हे सोसलेल्याला प्रभावाचं कौतुक सांगू नका.

शाईचा डाग: 'कोसला' १९६३ची. तेव्हापासून दर पिढीत शे-दोनशे सांगवीकर निघतातच, तुम्ही एकटे नाही. एकच पुस्तक डोक्यात घेतलं की असं होतं, दहा वाचा.

आणि खरं दुखणं प्रभाव नाही, शिस्त आहे. इंग्रज कादंबरीकार ट्रोलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ, पंधरा मिनिटांत २५० शब्द. आपल्याकडे 'मूड नाही' म्हणून चार-चार महिने कोरे.

निंबोणी: आला का ट्रोलप! हे त्याने ज्या आत्मचरित्रात सांगितलंय, त्या १८८३च्या पुस्तकात पुढचंही वाचा. त्याला उठवायला एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर होता, त्या कामाचे वर्षाला ५ पौंड जादा घेणारा. कॉफीही तोच आणायचा. आमच्या घरात साडेपाचला तो मोतद्दार मीच. माझी शेवटची कथा मुलाला थोपटत एका अंगठ्याने फोनवर टाइप केलीय. बोलून टाइप करावं तर तो जागा होतो.

शाईचा डाग: परिस्थिती सगळ्यांनाच असते. वेळ काढावा लागतो.

निंबोणी: कुणाच्या वाटणीचा काढता, तेही सांगा. तुमचा डबा कोण भरतं?

शाईचा डाग: वैयक्तिक होऊ नका.

निंबोणी: 'आपल्याकडे' म्हणून सगळ्यांना झोडपलंत, ते वैयक्तिक नव्हतं?

रानवारा: घड्याळ लावून लिहिलेलं घड्याळासारखंच वाटतं. मी महिनोन्‌महिने लिहीत नाही, आणि मला त्याची लाज नाही.

शाईचा डाग: तुम्ही लिहीत नाही, ते दिसतंच आहे. निंबोणीताई, डबा बायको भरते. झालं समाधान? आणि अंगठ्याने लिहिलेली ती कथा मी वाचलीय. चांगली आहे. शेवट घाईत उरकलाय.

निंबोणी: उरकणारच. उठला ना तो.

कागदी वाघ: विषय प्रभावाचा होता हो, मंडळी.

अस्सल: बरं, वाचतो दहा पुस्तकं. कादंबरी संपल्यावर.

कागदी वाघ: म्हणजे तोवर ती कुणासारखी झालीय, हे सगळ्यांना कळेल. तुम्हाला सोडून.

अस्सल: आधी तुमची संपवा. मग बोलू.